रिकाम्या आकाशात ढग भरताना: गिम्प आणि फोटोशॉपमध्ये कृत्रिम ढग कसे करावेत

एप्रिल-मे महिन्यात घाटमाथ्यावर किंवा देशावर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाकडे असे शेकडो फोटो असतात: खाली सगळं नीट, वर आकाशाच्या जागी कोरा पांढरा पट्टा. कॅमेऱ्याचा यात दोष नसतो. उन्हात तापलेला दगड, झाडाखालची सावली आणि धुळीने पांढुरकं झालेलं आकाश यांच्यातला उजेडाचा फरक एका क्लिकमध्ये मावत नाही. सावली राखायला गेलं की आकाश उडतं.

मग आपण फोटो एडिटरमध्ये जातो, 'क्लाउड्स' नावाचा फिल्टर सापडतो, तो लावतो, आणि पडद्यावर काळपट-पांढरा धुरकट गोंधळ उमटतो. बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो गोंधळ तसाच फोटोवर ठेवतात. फिल्टर ढग देतच नाही. तो देतो फक्त कच्चा माल. ढग घडतो तो पुढच्या तीन गोष्टींनी: पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं आणि दूरचं लहान दिसणं), उजेडाची दिशा आणि हाताने केलेली काटछाट. या लेखात फिल्टरला कमी आणि या तिघांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी एकच फोटो धरू: वाईजवळच्या मेणवलीचा घाट, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. मे महिन्याची दुपार, खाली कृष्णेचं संथ पाणी, दगडी पायऱ्या, देवळांची शिखरं, एका बाजूने आत आलेल्या झाडाच्या फांद्या आणि वर कोरं आकाश. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. हा मुद्दाम निवडला, कारण यात कृत्रिम ढगांच्या सगळ्या अडचणी एकत्र येतात: बारीक पानं, उजळ रंगाची शिखरं आणि पाण्यातलं प्रतिबिंब. पायऱ्या गिम्पच्या सांगतो, कारण तो फुकट आहे आणि कुणीही उतरवून घेऊ शकतो. फोटोशॉपमध्ये जिथे वेगळं करावं लागतं ते शेवटाकडे आहे.

आधी एक खात्री

फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ नोंदीत, काढला असेल तर ती डार्कटेबल किंवा रॉथेरपी या रॉ उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून हायलाइट्सचा (उजळ भागांचा) स्लायडर खाली ओढून बघा. जेपेगमध्ये कोरं दिसणारं आकाश रॉमध्ये कधी कधी अर्धंमुर्धं जिवंत असतं. खरे ढग मिळाले तर पुढचं काही करायची गरज नाही. मिळाले नाहीत, तर पुढे वाचा.

मनात थोडी अपराधी भावना असेल तर एक जुनी गोष्ट सांगतो. १८५० च्या दशकातल्या काचेच्या कोलोडियन प्लेट्स निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या की समुद्राचा फोटो काढला की आकाश कोरं निघायचं. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने यावर उपाय काढला: समुद्राची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोन्हींची छपाई एकाच कागदावर. म्हणजे आकाश बदलण्याचा उद्योग जवळजवळ फोटोग्राफीइतकाच जुना आहे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंमध्ये मागे ढग रंगवलेला पडदा असायचाच.

फिल्टर नेमकं काय करतो

या फिल्टरच्या मुळाशी केन पर्लिन यांचं काम आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकावर काढलेली चित्रं फार गुळगुळीत आणि यांत्रिक दिसत. त्यावर उतारा म्हणून पर्लिननी 'नॉइज'ची एक पद्धत शोधली, १९८५ मध्ये ती शोधनिबंधातून मांडली, आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

कल्पना सोपी आहे. आधी मोठमोठे, मऊ डाग असलेला एक थर. त्यावर निम्म्या आकाराच्या डागांचा दुसरा थर, पण निम्म्याच जोराचा. त्यावर आणखी निम्म्या आकाराचा, आणखी निम्म्या जोराचा. असे चार-सहा थर एकमेकांवर पडले की डोळ्याला ते नैसर्गिक वाटू लागतं, कारण ढग, डोंगररांगा, किनारे यांच्यातही मोठ्या आकारात लहान आकार असेच गुंतलेले असतात. गिम्पमधला 'डिटेल' हा आकडा म्हणजे असे किती थर चढवायचे ते.

यात काय नाही, तेही लक्षात ठेवा. या नॉइजला वर-खाली कळत नाही, जवळ-दूर कळत नाही, सूर्य कुठे आहे हे कळत नाही. खऱ्या ढगाला हे सगळं असतं.

म्हणून संगणक उघडण्याआधी दहा मिनिटं गच्चीवर जा आणि ढग बघा. दुपारच्या सुट्या, फुगीर ढगांचा तळ जवळपास सपाट असतो, कारण वर चढणारी हवा एका ठरावीक उंचीला पोचल्यावरच तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं. त्याच उंचीवर सगळे ढग बसलेले असतात. डोक्यावरचा ढग मोठा आणि मोकळा दिसतो. क्षितिजाकडे जाल तसे ते लहान, चपटे आणि दाटीवाटीने दिसतात. वरची बाजू उजळ असते आणि खालची राखाडी. त्या राखाडीत किंचित निळं असतं, कारण सावलीतल्या भागावर आकाशाचा निळा उजेड पडतो. क्षितिजाजवळचे ढग धुळीत आणि धुक्यात विरघळून मळकट पांढरे होतात. मेणवलीच्या फोटोत आपल्याला एवढंच साधायचं आहे.

निळ्याची पार्श्वभूमी

कोऱ्या पांढऱ्या आकाशावर 'स्क्रीन' मोडमध्ये ढग टाका, असा सल्ला बऱ्याच व्हिडिओंमध्ये असतो. करून बघा, काहीच दिसणार नाही. स्क्रीन मोड फक्त उजळ करतो, आणि पांढऱ्याहून उजळ काय करणार? ढग दिसायला मागे निळं हवं. ते आधी रंगवायचं.

गिम्पमध्ये फोटो उघडला की इमेज मेनूतून प्रिसिजन १६ बिट करून घ्या. ८ बिटमध्ये निळ्याच्या हळूहळू फिकट होत जाणाऱ्या छटांमध्ये पट्टे दिसू लागतात, आणि एकदा दिसले की दिसतच राहतात. मग एक नवा लेयर ग्रुप करा, त्याला 'आकाश' नाव द्या. (लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागदासारखा थर, ग्रुप म्हणजे अशा थरांची गड्डी.) ग्रुपमध्ये एक नवा लेयर घेऊन ग्रेडियंट टूलने वरून खाली ओढा. वरचा रंग साधारण लाल ७०, हिरवा १२०, निळा १८५ (आकडे ० ते २५५ मधले). क्षितिजाशी लाल १९५, हिरवा २१५, निळा २३२. मे महिन्याच्या देशावरच्या आकाशाला याहून गडद निळं शोभत नाही. पावसाळा सरल्यानंतरच्या, ऑक्टोबरच्या फोटोला वरचा निळा आणखी गडद चालेल, कारण हवा धुतलेली असते.

आता ग्रुपचा मोड 'मल्टिप्लाय' करा. या एका बदलाने निम्मं काम होतं. मल्टिप्लायमध्ये खालचं पांढरं असेल तिथे वरचा रंग जसाच्या तसा येतो, आणि खालचं काळं असेल तिथे काळंच राहतं. आकाश कोरं पांढरं असल्यामुळे तिथे निळं पूर्ण उमटेल, आणि पानांची, तारांची, उडत्या पाखरांची बारीक काळी रेघ आपोआप टिकेल. एकेक पान निवडत बसायची शिक्षा टळते. कोऱ्या आकाशाचा हा एक फायदाच म्हणायचा.

अट एकच: मूळ आकाश खरंच पांढरं हवं. पिकर टूलने तीन-चार ठिकाणी टिचकी मारून बघा. तिन्ही आकडे २४५ च्या वर असतील तर उत्तम. २२०-२२५ च्या आसपास राखाडी असेल तर आधी कर्व्हज वापरून तेवढाच भाग वर उचला.

घाट, शिखरं आणि माणसं मात्र आता निळी पडली असतील. मास्क पांढरा असेल तिथे लेयर दिसतो, काळा असेल तिथे लपतो. ग्रुपला असा मास्क द्या, पांढरा भरलेला, आणि जमिनीचा सगळा भाग काळ्याने रंगवा. शिखरांच्या कडा उजळ असतात, तिथे मल्टिप्लाय मदत करत नाही. तिथे फ्री सिलेक्ट टूलने कड नीट धरा, एक-दोन पिक्सेल फेदर (कडेचा मऊपणा) द्या आणि मग काळं भरा. झाडाच्या बाबतीत उलट: बाहेरच्या विरळ जाळीवर मास्क पांढराच राहू द्या, आतल्या दाट पानांवर मऊ ब्रशने काळं करा. दाट पानांवर मल्टिप्लाय राहिला तर झाड करपल्यासारखं दिसतं.

झाड फार गुंतागुंतीचं असेल तर चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये जाऊन निळ्या चॅनेलची, म्हणजे फोटोतल्या फक्त निळ्या उजेडाच्या कृष्णधवल चित्राची, प्रत काढा. आकाश आणि पानं यांच्यातला फरक निळ्यात सर्वांत ठळक असतो, कारण पानं निळा उजेड फारसा परत फेकत नाहीत. त्या प्रतीला लेव्हल्स लावून आकाश पूर्ण पांढरं आणि पानं पूर्ण काळी करा, खालचा घाट ब्रशने काळा करा, आणि मास्क जोडताना 'चॅनेल' हा पर्याय निवडून ही प्रत द्या.

ढगांचा कच्चा माल

'आकाश' ग्रुपच्या आत, निळ्याच्या वर एक नवा लेयर करा. आकार फोटोपेक्षा मोठा ठेवा: ९००० बाय ४००० वगैरे. पुढे तो ताणायचा आहे, म्हणून कडेला शिल्लक हवी. यात पांढरं भरा, पण शुद्ध २५५ नको. लाल २४६, हिरवा २४६, निळा २४४ इतपत. खऱ्या फोटोत ढगाचा अगदी थोडा भाग पूर्ण पांढरा असतो. सगळाच पांढरा केला तर त्याला घडण राहत नाही.

या लेयरला मास्क द्या आणि मास्कवर क्लिक करून तो निवडलेला आहे ना ते बघा. आता फिल्टर्स, रेंडर, नॉइज, सॉलिड नॉइज. ढगांचा आकार मास्कमध्ये आणि रंग लेयरमध्ये, असं वेगळं ठेवण्यात मोठी सोय आहे: उद्या संध्याकाळचे केशरी ढग हवे झाले तर लेयरचा रंग बदलायचा, आकाराला हात लावायचा नाही.

सॉलिड नॉइजच्या चौकटीत एक्स साइज आणि वाय साइज असे दोन आकडे असतात. आकडा जितका मोठा तितके डाग लहान. नाव वाचून नेमकं उलट वाटतं, त्यामुळे पहिल्यांदा सगळे इथे चकतात. एक्स ३ आणि वाय ५ ठेवा. म्हणजे ढग रुंदीला लांब आणि उंचीला कमी होतील. डिटेल ६ ते ८. त्याहून कमी ठेवलं तर ढग कापडावरच्या डागांसारखे दिसतात, खूप वाढवलं तर कडा खरखरीत होतात. 'टर्ब्युलंट'ची खूण आत्ता नको. धूर किंवा अंगावर येणारं वादळी आकाश करायचं तेव्हा ती कामाची. 'न्यू सीड'चं बटण दर वेळी नवी मांडणी देतं. ते बिनधास्त दाबत राहा, चांगली मांडणी दिसेपर्यंत. इथे दहा मिनिटं घालवली तर पुढचा तास वाचतो.

मांडणी निवडताना सुंदर ढग शोधू नका. मोकळी जागा कुठे आहे ते बघा. मेणवलीच्या फोटोत शिखरांच्या मागे शांत निळं हवं, नाहीतर शिखराची कड ढगात हरवते.

मग मास्क निवडलेला असतानाच कलर्समधून लेव्हल्स उघडा. डावीकडचा काळा त्रिकोण ११५ च्या आसपास, उजवीकडचा पांढरा १९० च्या आसपास आणा. धुरकट गोंधळ एकदम फाटून ढग आणि मोकळं आकाश असे दोन भाग दिसू लागतील. काळा त्रिकोण उजवीकडे सरकवला की ढग कमी होतात, डावीकडे नेला की आभाळ भरून येतं. दोन त्रिकोणांमधलं अंतर कमी केलं की कड धारदार होते, वाढवलं की मऊ. मेच्या दुपारी वीस-तीस टक्के आकाश झाकणारे ढग पुरेत.

पर्स्पेक्टिव्ह: इथे घाई नको

कृत्रिम ढग ओळखू येतात ते बहुतेक वेळा याच पायरीमुळे. सगळीकडे एकाच आकाराचे ढग म्हणजे समोर उभी केलेली भिंत. आपल्याला हवं डोक्यावरून मागे जाणारं छत.

लेयर निवडा, शिफ्ट-पी दाबून पर्स्पेक्टिव्ह टूल घ्या. वरचे दोन कोपरे बाहेर ओढा, फोटोच्या रुंदीच्या दीडपट-दुपटीपर्यंत. खालचे दोन कोपरे फोटोच्या कडेच्या जरासेच बाहेर राहू द्या, आणि खालची कड क्षितिजाच्या किंचित खाली न्या. आता वरचे ढग मोठे आणि खालचे दाट, चपटे होतील. हँडल ओढताना क्षितिजावर डोळा ठेवा: झाडांच्या आणि शिखरांच्या मागे खरं क्षितिज कुठे असेल, तिथे ढग सर्वांत बारीक झाले पाहिजेत.

वाइड अँगल लेन्सचा फोटो असेल तर हा फरक मोठा ठेवावा लागतो. २०० मिलिमीटरच्या टेली लेन्सने दूरचं एकच शिखर टिपलं असेल तर आकाशाचा फार छोटा तुकडा फोटोत येतो आणि त्यातले ढग जवळपास एकाच आकाराचे असतात, तिथे जास्त ताणू नका. हे सहसा कुणी सांगत नाही, पण बघणाऱ्याला कळतं. त्याला कारण सांगता येत नाही, एवढंच.

वरचा भाग ताणल्यामुळे मऊ पडला असेल. म्हणून तसाच दुसरा लेयर करा, एक्स ९, वाय १२, डिटेल ८, त्याच पर्स्पेक्टिव्हने ताणलेला. त्याची ओपॅसिटी (तो किती ठळक दिसावा ते) २५-३० टक्के ठेवा आणि मास्कवर ब्रश फिरवून तो फक्त मोठ्या ढगांच्या कडांशी राहील असं बघा. त्याने कडांना फाटकेपणा येतो.

सावली, तळ आणि माथा

मेच्या मध्यावर सातारा जिल्ह्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. माणसाची सावली पायाशी गोळा होते. फोटोतल्या पायऱ्यांवरच्या सावल्या तेच सांगतील. म्हणजे ढगाचा माथा उजळ आणि तळ राखाडी हवा. सकाळचा फोटो असता तर उजळ बाजू पूर्वेकडे गेली असती.

पहिल्या ढगांच्या लेयरची प्रत काढा. खालच्या प्रतीत पांढऱ्याऐवजी निळसर राखाडी भरा: लाल १७२, हिरवा १८०, निळा १९४. वरच्या पांढऱ्या प्रतीचा मास्क निवडून लेव्हल्समध्ये काळा त्रिकोण आणखी थोडा उजवीकडे न्या, म्हणजे पांढरा भाग जरा आक्रसेल. मग मूव्ह टूलने ही वरची प्रत सूर्याच्या दिशेने, आपल्या बाबतीत सरळ वर, सरकवा. ६००० पिक्सेलच्या फोटोत ३० ते ५० पिक्सेल पुरतात. लगेच ढगांच्या खालच्या बाजूने राखाडी डोकावू लागेल आणि सपाट डागाला जाडी येईल. क्षितिजाजवळच्या लहान ढगांना इतकी जाडी शोभत नाही, तिथे राखाडीचा मास्क ब्रशने हलका करा.

आता हाताचं काम. मऊ, मोठा ब्रश, काळा रंग, ओपॅसिटी १५ ते २० टक्के. मोठ्या ढगांच्या मास्कवर तळाशी आडवा हात फिरवून लोंबणारे तुकडे कापा. तळ सपाटसर करा. अगदी पट्टीने आखल्यासारखा नको. मग पांढऱ्या रंगाचा लहान ब्रश घ्या, डायनॅमिक्समध्ये 'जिटर' वाढवा, आणि माथ्यावर टिपके देत फुगवटे वाढवा. दोन किंवा तीन ढगांनाच हे करा. सगळे ढग घडवत बसलात तर सगळेच नायक होतात आणि घाट बिचारा मागे पडतो.

शेवटी ग्रुपच्या सर्वांत वर एक लेयर: क्षितिजाशी फिकट मातकट पांढरा, वर जाताना पारदर्शक होणारा ग्रेडियंट. ओपॅसिटी ३५-४० टक्के. ही उन्हाळ्याची धूळ. तिच्याशिवाय दूरचे ढग पुढे येऊन उभे राहतात.

कृष्णेच्या पाण्यात

वर ढग आणि खाली कोरं पांढरं पाणी, हे चालणार नाही. संपूर्ण 'आकाश' ग्रुपची प्रत काढा, तिला उभी उलटी करा, आणि पाणी जिथे पलीकडच्या काठाला भिडतं त्या रेषेवर आरसा धरल्यासारखी बसवा. मूळ मास्क काढून पाण्याचा नवा मास्क द्या. पाण्यातलं कोरं आकाशही पांढरंच उमटलेलं असतं, त्यामुळे मल्टिप्लाय इथेही तितकाच चालतो.

पाणी आकाशाचा सगळा उजेड परत देत नाही. दूरच्या, तिरप्या नजरेने दिसणाऱ्या पाण्यात प्रतिबिंब ठळक असतं. पायाशी वाकून बघितलं तर तळ किंवा पाण्याचा हिरवटपणा दिसतो. म्हणून या प्रतीचा मास्क खालच्या बाजूला हळूहळू काळ्याकडे न्या. मग ग्रुप एकत्र करून डिस्टॉर्टमधला रिपल फिल्टर अगदी कमी मात्रेत लावा, आणि वर उभ्या दिशेने थोडा मोशन ब्लर. संथ पाण्यातली प्रतिबिंबं आडवी कमी आणि उभी जास्त ताणली जातात. फोटोत आधीच शिखरांचं प्रतिबिंब असेल तर ते किती थरथरलंय ते बघून तेवढंच थरथरवा.

फोटोशॉपमध्ये काय वेगळं

तिथे फिल्टर, रेंडर, क्लाउड्स. पार्श्वरंग आणि अग्ररंग जे असतील ते वापरून तो नॉइज काढतो, म्हणून आधी 'डी' दाबून काळा-पांढरा करून घ्या. ऑल्ट धरून हाच फिल्टर निवडला तर जास्त ठसठशीत मांडणी मिळते. 'डिफरन्स क्लाउड्स' मात्र आधीच्या चित्रात मिसळतो. तो पुन्हा पुन्हा लावला की संगमरवरासारख्या शिरा येतात, ढगांना त्या चालत नाहीत.

मोठी अडचण वेगळी आहे. इथे स्लायडरच नाहीत, आणि नॉइजचा आकार पिक्सेलमध्ये ठरलेला असतो. ६००० पिक्सेलच्या कॅनव्हासवर थेट लावला तर बारीक बारीक पुरळ उठतं. म्हणून १०२४ बाय १०२४ ची वेगळी फाइल करा, तिथे क्लाउड्स लावा, आणि तो तुकडा मूळ फोटोत आणून चार-पाच पट मोठा करा. १०२४ हा आकडा निवडण्याला कारण आहे: ५१२, १०२४ अशा मापांत तयार झालेला नॉइज कडेला कड जुळवून शेजारी शेजारी लावता येतो, सांधा दिसत नाही. मास्कवर फिल्टर लावायचा तर ऑल्ट धरून मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा. ताणण्यासाठी कंट्रोल-टी, मग उजवं क्लिक आणि पर्स्पेक्टिव्ह. बाकी सगळं वरच्यासारखंच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीतही हे जवळपास जसंच्या तसं करता येतं.

२०२० च्या ऑक्टोबरपासून फोटोशॉपच्या एडिट मेनूत 'स्काय रिप्लेसमेंट' आहे. घाईचं काम असेल, लग्नाच्या अल्बममध्ये चाळीस फोटोंना आकाश लावायचं असेल, तर तेच वापरा. तिथे हाताने ढग घडवणं हा वेळेचा अपव्यय आहे. 'शिफ्ट एज' आणि 'फेड एज' या दोन स्लायडरांनी फांद्यांची कड सांभाळा, आउटपुट 'न्यू लेयर्स'वर ठेवा, आणि त्यात आधीच दिलेली सूर्यास्ताची आकाशं शक्यतो टाळा. ती इतक्यांच्या फोटोत दिसून गेली आहेत की लांबून ओळखू येतात. स्वतः काढलेले ढगांचे फोटो त्यात भरून ठेवता येतात, तो मार्ग सर्वांत चांगला.

दुसरी आकाशं

उंचावरचे तंतुमय ढग हवे असतील, म्हणजे हिवाळ्यातले पिंजलेल्या कापसासारखे, तर एक्स १.५ आणि वाय १०, त्यावर आडवा मोशन ब्लर, आणि लेयर पंधरा-वीस अंश तिरपा. राखाडी सावलीची प्रत इथे लागत नाही, कारण हे ढग पातळ असतात.

कोकणकड्यासारख्या जागी खालून वर येणारं धुकं करायचं असेल तर मल्टिप्लाय विसरा. नॉर्मल मोडमध्ये फिकट राखाडी लेयर, मास्कमध्ये एक्स २, वाय ३, डिटेल ४, लेव्हल्स फार सौम्य. मग असे दोन-तीन लेयर वेगवेगळ्या डोंगररांगांच्या मध्ये ठेवा. धुकं दोन रांगांच्या मधून गेलं तरच खरं वाटतं, सगळ्यांवर एकसारखं पसरलं की लेन्स पुसायची राहून गेली असं वाटतं.

वळवाचं काळं आभाळ सर्वांत मोहात पाडतं आणि सर्वांत जास्त फसतं. पायऱ्यांवर कडक ऊन आणि वर काळे ढग, हे खरंही असू शकतं, पण फक्त सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी आणि ढग समोर असतील तेव्हा, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. भर दुपारच्या मेणवलीवर ते लावू नका.

पाठवण्याआधी

फोटो शंभर टक्के झूमवर आणा. घाटाच्या दगडांवर कॅमेऱ्याचा बारीक दाणा दिसेल, ढगांवर नसेल. ढगांच्या ग्रुपच्या वर थोडा एकरंगी नॉइज टाका, फोटोशॉपमध्ये एक-दोन टक्के, गॉशियन. दाणा जुळला की आकाश फोटोत बसतं, आणि ग्रेडियंटचे पट्टेही मोडतात.

मग फोटो आडवा उलटा करून बघा. इतका वेळ त्याच चित्राकडे बघून डोळे सरावलेले असतात. उलट्या चित्रात एकमेकांसारखे दोन ढग, फांदीभोवतीची पांढरी कड, शिखरावर राहिलेला निळा डाग लगेच सापडतात. नंतर तो लहान करून मोबाइलवर बघा. तिथे नजर आधी आकाशाकडे जात असेल तर ढगांच्या लेयरची ओपॅसिटी दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा.

बातमीसाठी, पुराव्यासाठी किंवा जिथे फोटोत भर घालायला मनाई आहे अशा स्पर्धेसाठी हा फोटो पाठवू नका. पोस्टर, अल्बम, दिनदर्शिका, भिंतीवरची फ्रेम यांना हरकत नाही, पण विचारलं तर ढग आपले आहेत हे सांगावं. काम एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये, सगळे लेयर जिवंत ठेवून जतन करा. छपाईला द्यायची प्रत १६ बिट टिफमध्ये, मोबाइलवर पाठवायची जेपेग ९० च्या पुढच्या क्वालिटीवर. मेसेजिंग ॲपमधून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते ॲप फाइल दाबून लहान करतं आणि निळ्यात पुन्हा पट्टे उमटतात.